स्टार वॉर्स चित्रपट मुलांना कोणत्या क्रमाने दाखवावेत? सल्ला हवा आहे

रानजाई:

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बहिणीची दोन्ही मुले नाशिकहून आमच्याकडे पुण्याला राहायला येणार आहेत. भाचा ११ वर्षांचा आहे आणि भाची ८ वर्षांची. दोघांनाही आकाश, अंतराळयाने आणि यंत्रमानव यांचे अतोनात वेड आहे, आणि तरीही 'स्टार वॉर्स' मालिकेतील एकही चित्रपट त्यांनी अजून पाहिलेला नाही. हे चित्रपट त्यांना पहिल्यांदा दाखवण्याची संधी माझ्या वाट्याला आली आहे, म्हणून ती घाईघाईत वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

माझे या चित्रपटांवरचे प्रेम शाळेत असल्यापासूनचे आहे. एरंडवण्यातील आमच्या घरी मामाने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मी पहिला चित्रपट पाहिला, तेव्हा त्यातले निम्मे संवाद मला समजले नव्हते. पण वाळवंटातल्या घराबाहेर एकटा उभा राहून दोन सूर्यांचा अस्त पाहणारा नायक ल्यूक, आणि त्याच वेळी फ्रेंच हॉर्नवर हळुवार सुरू होऊन सगळ्या वाद्यवृंदात पसरत जाणारी संगीतकार जॉन विल्यम्स यांची सुरावट, ही दोन्ही मनात कायमची राहिली. आपण आहोत त्याहून मोठे असे काही जगात कुठेतरी घडते आहे आणि आपल्याला तिथे जायचे आहे, ही त्या वयातील भावना मला शब्दांत कधीच सांगता आली नसती. त्या प्रसंगाने ती माझ्यासमोर उभी केली. पुढे शिक्षण संपले, नोकरी लागली, घरात बरेच काही बदलले, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर मी या चित्रपटांकडे परत येत गेले. यानांवरचे ओरखडे आणि तेलाचे डाग, जुनी होऊन खडखडणारी यंत्रे, गरीब शेतकऱ्याच्या घरातले ते निळे दूध, या सगळ्यांमुळे ते विश्व मला नेहमीच कोणीतरी खरोखर राहत असलेले वाटत आले आहे.

आता प्रश्न असा आहे की सुरुवात कुठून करावी. कथेच्या कालक्रमाने पाहिले तर १९९९चा चित्रपट पहिला येतो आणि प्रदर्शनाच्या क्रमाने पाहिले तर १९७७चा. मुले मराठी माध्यमात शिकतात, त्यामुळे इंग्रजी उपशीर्षके वेगाने वाचणे धाकटीला जमणार नाही. शिवाय तिला भीती वाटेल असे प्रसंग कोणते, आणि आज उपलब्ध असलेल्या आवृत्त्यांत मूळच्यापेक्षा काय बदलले आहे, हेही जाणकारांनी सांगावे. माझे वडीलही आमच्याबरोबर बसणार आहेत. त्यांनीही यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही.

मुठाकाठ:

रानजाई, चित्रपट ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने दाखवावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. १९७७चा पहिला, १९८०चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' दुसरा आणि १९८३चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' तिसरा. या सुट्टीत एवढेच तीन पुरेत. पण मला क्रमाहूनही महत्त्वाचे वाटते ते दोन चित्रपटांमधले अंतर, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

१९८०च्या दशकात नारायण पेठेतील आमच्या वाड्यात सुट्टीच्या दिवसांत सगळी बिऱ्हाडे वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणत असत. मोठ्यांसाठी दोन हिंदी चित्रपट आणि पहाटे उरलेल्या वेळात आम्हा मुलांसाठी एक इंग्रजी, असा तो रिवाज होता. अशाच एका पहाटे आम्ही 'एम्पायर' पाहिला. मुखवटा घातलेला खलनायक डार्थ वेडर ल्यूकला आपण त्याचे वडील असल्याचे सांगतो, ल्यूक खोल पोकळीत स्वतःला झोकून देतो, ल्यूकचा मित्र हान सोलो गोठवला जाऊन शत्रूच्या ताब्यात जातो, आणि यातल्या कशाचाही निकाल न लागता चित्रपट संपतो. तिसऱ्या चित्रपटाची कॅसेट आमच्या भागातील कोणत्याच लायब्ररीत नव्हती. पुढची सुट्टी येईपर्यंत वाड्याच्या चौकात आमच्यात दोन तट पडलेले होते. वेडर खोटे बोलतो आहे, असे माझ्या थोरल्या भावाचे ठाम मत होते, कारण वेडरनेच ल्यूकच्या वडिलांना मारले असे ओबी-वानने पहिल्या चित्रपटात सांगितलेले आहे, आणि ओबी-वानसारखा सज्जन गुरू शिष्याला फसवणार नाही. मी दुसऱ्या बाजूला होतो. ल्यूकच्या चेहऱ्यावर जे दिसले ते खोट्याने होत नाही, एवढेच मला सांगता येत होते. सज्जन माणूस सत्य का लपवतो आणि दुष्ट माणूस ते का सांगतो, या प्रश्नावर आम्ही शाळकरी मुले महिनोन्महिने वाद घालत राहिलो. माझे या मालिकेवरचे प्रेम त्या वादात रुजले. तिसरी कॅसेट दुसऱ्याच दिवशी हाती आली असती तर तो वाद झालाच नसता.

हे रहस्य जपण्यासाठी दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी केलेली व्यवस्थाही सांगण्यासारखी आहे. चित्रीकरणाच्या वेळी वेडरच्या पोशाखात असलेल्या डेव्हिड प्राउझ यांना खोटे वाक्य दिलेले होते, ते असे की ल्यूकच्या वडिलांना ओबी-वानने मारले. खरे वाक्य ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांना दृश्य घेण्याच्या थोडे आधी कानावर घातले गेले, आणि पडद्यावर ऐकू येणारा जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज नंतर ध्वनिमुद्रित झाला. ज्यांनी हा चित्रपट बनवला त्यांनी स्वतःच्या सहकाऱ्यांपासूनही जी गोष्ट इतकी सांभाळली, ती आपण मुलांना आधीच्या भागांतून अगोदर सांगून टाकू नये.

म्हणून पहिला चित्रपट मुले आल्याबरोबर दाखवावा, दुसरा लक्ष्मीपूजनाच्या आधी कधीतरी, आणि तिसरा मात्र भाऊबीज झाल्यावर, नाशिकला परत जाण्याच्या सुमारास. मधल्या दिवसांत त्यांनी "मावशी, वेडर खरे बोलला का?" असे विचारले, तर कृपया उत्तर देऊ नये.

काजवा:

मुठाकाठ यांच्या क्रमाला अनुमोदन. माझ्या दोन्ही मुलांना मी याच क्रमाने हे चित्रपट दाखवले, त्यामुळे धाकट्या प्रेक्षकांविषयी आणि आवृत्त्यांविषयी जे लक्षात आले ते लिहिते.

पहिल्या चित्रपटात ल्यूक घरी परततो तेव्हा काका-काकूंचे जळालेले देह क्षणभर दिसतात, आणि मद्यालयातील भांडणात एक तुटलेला हात दिसतो. दोन्ही दृश्ये फार लहान आहेत. दुसऱ्या चित्रपटात बर्फातला तो हिंस्र प्राणी, दलदलीतल्या गुहेतील वेडरचा आभास आणि शेवटी ल्यूकचा हात तुटणे हे प्रसंग अधिक गंभीर आहेत. ८ वर्षांच्या मुलीला ते चालतील, पण शेजारी हात धरायला कोणीतरी असावे आणि खोलीत पूर्ण अंधार करू नये. २००५चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ' मात्र तिला अजून काही वर्षे दाखवू नये. अमेरिकेत या मालिकेतील ज्या चित्रपटाला पहिल्यांदा १३ वर्षांखालील मुलांबाबत सावधगिरीचा इशारा देणारे प्रमाणपत्र मिळाले तो हाच, आणि लाव्हाच्या काठावरचा त्याचा शेवट पाहिला की त्याचे कारण समजते.

आवृत्त्यांविषयी सांगायचे तर आज आपल्याला ऑनलाइन दिसतात ते १९७७, १९८० आणि १९८३चे मूळ चित्रपट नव्हेत. या मालिकेचे जनक जॉर्ज लुकस यांनी १९९७ साली तिन्ही चित्रपटांत संगणकीय दृश्ये घालून नव्या आवृत्त्या प्रदर्शित केल्या आणि २००४, २०११ व २०१९ मध्ये आणखी फेरफार झाले. चित्रपटगृहांत दाखवलेल्या मूळ आवृत्त्या २००६ सालच्या डीव्हीडी संचात जोड-तबकडीवर मिळत असत. तो संच कोणाकडे असेल तर जरूर मिळवावा, पण तो नाही म्हणून बेत पुढे ढकलू नये. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला 'भाग ४' असे अक्षरांत लिहिलेले येते, त्यावर मोठा भाचा लगेच प्रश्न विचारणार. ते अक्षर १९७७ साली नव्हते, १९८१च्या पुनःप्रदर्शनात घातले गेले, हे त्याला सांगता येईल. माझ्या मुलाला ही माहिती फार आवडली होती.

आपल्या मुलांना मध्यंतराची सवय असते. पहिल्या चित्रपटात 'मिलेनियम फाल्कन' हे यान शत्रूच्या 'डेथ स्टार' या अजस्र अवकाशतळाकडे खेचले जाते तिथे थांबावे. दुसऱ्यात लघुग्रहावरच्या गुहेतून यान बाहेर झेपावते, ती जागा उत्तम आहे.

आख्यान:

वरील दोघांच्या मताविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळा सल्ला देतो. रानजाई, तुमचे वडीलही बरोबर बसणार आहेत, हे वाचून तर मला तो अधिकच द्यावासा वाटतो.

रहस्य आधी कळले की गोष्टीतला रस संपतो, ही समजूत आपल्या परंपरेला लागू पडत नाही. मी लहानपणी आजोबांबरोबर कीर्तनांना जात असे. कर्ण हा कुंतीचा पुत्र आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला बुवांनी तोंड उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. युद्धाच्या तोंडावर श्रीकृष्ण कर्णाला एकांतात त्याचे जन्मरहस्य सांगतो, त्या प्रसंगाला डोळे पुसणाऱ्या श्रोत्यांना कोणतीही नवी माहिती मिळालेली नसते. त्यांना ठाऊक असते आणि कर्णाला नसते, यातूनच ते दुःख गडद होते. भाग १ ते ६ या क्रमाने, म्हणजे कथेच्या कालक्रमाने आधी १९९९पासूनचे तीन आणि मग जुने तीन असे पाहिले की वेडर आणि ल्यूक यांचा प्रसंग असाच उभा राहतो. समोरच्या मुखवट्यामागे कोण आहे, आईसाठी व्याकुळ होणारा तो लहान मुलगा कसा होता, त्याने कोणाच्या प्रेमापोटी काय गमावले, हे आपल्याला सगळे माहीत असते आणि ल्यूकला काहीच माहीत नसते. तो तलवार उगारतो तेव्हा आपला जीव दोघांसाठीही तुटतो. सहा चित्रपटांची मिळून ही एका माणसाच्या अधःपाताची आणि सुटकेची कथा होते, आणि ती वडील माणसांना विशेष भिडते. माझ्या वडिलांनी हे सहाही चित्रपट याच क्रमाने पाहिले आणि शेवटी वेडर मुलाला आपला मुखवटा काढायला सांगतो तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

१९९९च्या 'द फँटम मेनेस'ला लोक नावे ठेवतात, त्याचेही मला वाईट वाटते. ९ वर्षांच्या मुलाला नायक करणारा तो चित्रपट लहान मुलांना थेट आपला वाटतो. त्यातील शेवटच्या द्वंद्वाच्या वेळी समूहगान ऐकू येते, त्याचे मूळ एका प्राचीन वेल्श कवितेच्या ओळींत आहे आणि विल्यम्स यांनी त्यांचे संस्कृत रूपांतर करवून ते लंडनच्या गायकवृंदाकडून गाऊन घेतले. उच्चार आपल्याला ओळखीचे वाटत नाहीत, तरीही त्या गाण्याने अंगावर काटा येतो.

काही जण एक मधला मार्गही सुचवतात. त्यात आधी भाग ४ आणि ५ पाहायचे, मग वेडरने जे सांगितले त्याची पूर्वकथा म्हणून २ आणि ३, आणि शेवटी ६. इंटरनेटवर तो 'मॅशेटी क्रम' म्हणून ओळखला जातो. त्यात पहिला भाग गळतो, म्हणून मला तो पटत नाही. शिवाय काजवा यांनी सांगितलेल्या कारणामुळे भाग ३, म्हणजे 'रिव्हेंज ऑफ द सिथ', तुमच्या धाकटीला आत्ता दाखवता येणार नाही, हेही खरे आहे. तिच्या वयामुळे माझा क्रम पुढे ढकलावा लागत असेल तर ढकलावा, पण वडिलांचा विचार जरूर करावा.

ध्वनिवेडा:

क्रमाच्या चर्चेत मी पडत नाही. मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे आणि या व्यवसायात आलो तो याच चित्रपटांमुळे, म्हणून भाषेचा जो प्रश्न विचारला आहे त्यावर लिहितो. मूळ इंग्रजी आवाजच ठेवावेत, आणि मुलांना सगळे संवाद समजलेच पाहिजेत अशी चिंता करू नये.

पहिला चित्रपट सुरू होतो तेव्हा बराच वेळ आपण दोन यंत्रमानवांबरोबर असतो. त्यांतला एक सतत बोलतो आणि दुसरा, म्हणजे आर-टू-डी-टू, फक्त शिट्ट्या आणि किणकिणाट करतो. त्याच्या बोलण्याला कुठेही उपशीर्षक नाही. चुबाका हा केसाळ सोबती केवळ हुंकारतो आणि गुरगुरतो, त्यालाही उपशीर्षक नाही. तरीही आर-टू घाबरला आहे, रुसला आहे, हट्टाला पेटला आहे, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. हे साधणारा माणूस म्हणजे ध्वनिरचनाकार बेन बर्ट. त्यांनी आर-टूसाठी स्वतःच्या तोंडाने बाळाच्या बोबड्या बोलांसारखे आवाज काढले आणि ते सिंथेसायझरच्या आवाजांत मिसळले. चुबाकाचा आवाज मुख्यतः एका अस्वलाचा आहे, त्यात वालरस आणि इतर प्राण्यांचे आवाज जोडलेले आहेत. त्या काळी विज्ञानपटांत सर्रास इलेक्ट्रॉनिक आवाज वापरले जात, पण लुकस यांना खऱ्या जगातले, झिजलेल्या वस्तूंचे आवाज हवे होते. म्हणून बर्ट ध्वनिमुद्रक खांद्याला लावून महिनोन्महिने आवाज गोळा करत हिंडले. प्रकाशखड्गाची ती घूं घूं म्हणजे एका जुन्या चित्रपट-प्रक्षेपकाच्या मोटरची घरघर, आणि दूरदर्शन संचाच्या मागे सदोष तारेचा मायक्रोफोन धरल्यावर आलेली गुणगुण. बंदुकींचा आवाज त्यांना रेडिओच्या मनोऱ्याला ताणून बांधलेल्या तारेवर हातोडी मारून मिळाला. साम्राज्याच्या लढाऊ यानांची किंकाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार. वेडरचा श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातला आहे. या कामासाठी बर्ट यांना ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला.

हे सगळे विद्यार्थिदशेत पहिल्यांदा वाचले, त्या रात्री मी पावसात भिजलेल्या कर्वे रस्त्यावर उभा राहून जाणाऱ्या गाड्या ऐकत होतो. आपल्या आसपासच्या कोणत्याही आवाजात दुसरे एखादे विश्व दडलेले असू शकते, ही जाणीव तेव्हापासून कधीच गेली नाही. आजही पावसाळ्यात नवा मायक्रोफोन हाती आला की मी पहिल्यांदा तोच रस्ता ऐकतो.

आता प्रत्यक्ष सूचना. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हे चित्रपट दाखवू नयेत. शेजाऱ्यांकडून किंवा मित्राकडून दोन बरे स्पीकर मागून आणावेत आणि ते पडद्याच्या दोन बाजूंना, मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवावेत. अगदी पहिल्या दृश्यात एक अजस्र यान डोक्यावरून जात राहते, जात राहते, आणि संपतच नाही. त्या दृश्याचा दाब छातीवर जाणवला पाहिजे. सुरुवातीचा वर सरकत जाणारा पिवळा मजकूर मुलांना वाचता येणार नाही. तो आजोबांनी मराठीत, कहाणी सांगतात त्या लयीत मोठ्याने सांगावा. मजकूर आधी कागदावर मराठीत लिहून काढला तर वेळ बरोबर जुळते. पुढे संवाद चालू असताना कोणीही भाषांतर सांगत बसू नये. अगदी अडले तर मध्यंतरात सांगावे. 'एम्पायर'मधील ल्यूकचा गुरू योडा याची शिकवण मात्र आधी वाचून ठेवावी, कारण मुले तिथे नक्की विचारतात. फ्रँक ऑझ यांनी हातांनी चालवलेला तो बाहुला आहे, हे मात्र मुलांना आधी सांगू नये.

खोडदकर:

मी नारायणगावजवळ राहतो. दोन सूर्यांच्या त्या प्रसंगाविषयी एवढेच सांगावेसे वाटते की तो ट्युनिशियातील शॉत एल जेरिद या मिठागरासारख्या सपाट प्रदेशात चित्रित झाला, आणि २०११ साली केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दोन ताऱ्यांभोवती फिरणारा 'केप्लर-१६बी' हा ग्रह खरोखर सापडला. त्याचे वर्ष आपल्या २२९ दिवसांचे आहे. तो शनीएवढा मोठा आणि थंड आहे, त्यामुळे तिथे ल्यूकसारखे कोणी उभे राहू शकणार नाही, पण आकाशात दोन सूर्य असणे शक्य आहे हे मुलांना चित्रपट झाल्यावर जरूर सांगावे. सुट्टीत एखादा दिवस मोकळा असेल तर मुलांना नारायणगावच्या दिशेने घेऊन यावे. खोडद परिसरातील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, त्यांतल्या काही रस्त्यावरूनही दिसतात. आत जाऊन पाहायचे असेल तर फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरते, तेव्हा यावे. माझ्या मुलीने तो चित्रपट पाहिल्यावर त्या तबकड्यांकडे पाहून विचारले होते की यातून तिकडचे बोलणे ऐकू येते का. ती आता भौतिकशास्त्र शिकते.

मुठाकाठ:

आख्यान, कर्णाचा दाखला मला फार आवडला, आणि त्यामुळे मला माझ्या मताची पुन्हा तपासणी करावी लागली. तरीही मी क्रम बदलणार नाही, त्याची दोन कारणे देतो.

महाभारत सांगणाऱ्याने कर्णाचा जन्म आदिपर्वातच सांगून ठेवलेला आहे, म्हणजे श्रोत्याला आधी ठाऊक असणे हा त्या रचनेचाच भाग आहे. इथे तसे नाही. पहिला चित्रपट तयार झाला तेव्हा वेडर हा ल्यूकचा पिता आहे, ही गोष्ट पटकथेत नव्हती. 'एम्पायर'चा पहिला मसुदा लेखिका ली ब्रॅकेट यांनी लिहिला. त्यात ल्यूकच्या मृत पित्याचा आत्मा वेगळाच अवतरतो. मार्च १९७८ मध्ये ब्रॅकेट यांचे निधन झाले, आणि त्यानंतर लुकस यांनी स्वतः लिहिलेल्या मसुद्यात हे नाते पहिल्यांदा आले. म्हणजे १९७७चा चित्रपट ल्यूकच्या डोळ्यांनीच सांगितलेला आहे आणि तो त्याच अजाणपणाने पाहायला हवा.

दुसरे कारण संगीताचे. वेडरची ती प्रसिद्ध कूचधून पहिल्या चित्रपटात नाही. ती १९८०च्या 'एम्पायर'मध्ये पहिल्यांदा ऐकू येते. १९९९च्या चित्रपटात लहानग्या अनाकिनसाठी, म्हणजे पुढे वेडर होणाऱ्या मुलासाठी, विल्यम्स यांनी जी कोमल धून बांधली आहे, तिच्या शेवटी याच कूचधुनेचे स्वर हलकेच डोकावतात. ज्याने 'एम्पायर' आधी पाहिला आहे त्यालाच तिथे गलबलून येते. तुम्ही म्हणता ते आधी ठाऊक असण्याचे दुःख नंतरच्या तीन चित्रपटांत असे पुरेपूर मिळते, आणि त्यासाठी जुने तीन आधी पाहिलेले असावे लागतात. तुमच्या वडिलांना जे जाणवले त्याचे मोल याने कमी होत नाही.

रानजाई:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुने तीन चित्रपट, प्रदर्शनाच्या क्रमाने आणि मध्ये दिवस सोडून, असे ठरवले आहे. पिवळ्या मजकुराचे मराठी रूप आजच लिहून काढले आणि वडिलांना वाचायला दिले. त्यांनी त्यात दोन ठिकाणी दुरुस्त्याही केल्या. स्पीकर भावाकडून येणार आहेत. आख्यान यांचा सल्ला मी सोडलेला नाही. मुले परत गेल्यावर १९९९पासूनचे तीन चित्रपट मी आणि वडील मिळून पाहू. ती कर्णाची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ त्यावर बोलत होते.

एक शंका उरली आहे. 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी योडा आणि ओबी-वान यांच्या शेजारी अनाकिनचा आत्मा दिसतो, तिथे मूळ चित्रपटात सेबॅस्टियन शॉ हे वयस्कर नट होते. २००४पासूनच्या आवृत्तीत त्यांच्या जागी नंतरच्या चित्रपटांतले हेडन क्रिस्टेन्सन दिसतात. ज्या मुलांनी फक्त हे तीनच चित्रपट पाहिले आहेत त्यांनी थोड्याच वेळापूर्वी मुखवट्यामागचा म्हातारा चेहरा पाहिलेला असणार. त्यांना हा तरुण कोण ते कसे कळावे?

काजवा:

आमच्याकडेही नेमके हेच झाले. धाकट्याने लगेच विचारले, आणि थोरला म्हणाला की ते ल्यूकचे बाबा असणार, कारण ल्यूक त्यांच्याकडे पाहून तसा हसतो आहे. त्यांचे ते त्यांनीच शोधले, म्हणून मी काही सांगितले नाही. तुमच्या धाकटीला पटले नाही तर हे ल्यूकचे वडील तरुणपणी असे दिसत, एवढे सांगावे, आणि ते असे असताना वेडर कसे झाले हे तिने विचारले की ती गोष्ट उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवावी. तोपर्यंत भाच्याला हवे असेल तर 'क्लोन वॉर्स' या चित्रमालिकेतील निवडक भाग दाखवता येतील, पण तेही आधी तुम्ही स्वतः पाहून मगच, कारण त्यांतले काही बरेच गंभीर आहेत. भाऊबीजेनंतर काय झाले ते इथे जरूर लिहा.